सदर दाढ चावण्यास पुरेशी आहे

मुलगी जोसी दंतवैद्य झाली तर आपला नक्की किती फायदा आहे, याचा हिशेब लेलंड व्हॉन्ड्रासेकने नाताळच्या सुट्टीत अंगणातला बर्फ उपसताना पक्का करून टाकला होता. पहिला फायदा, घरात डॉक्टर. व्हॉन्ड्रासेक घराण्यात शेतकरी झाले, एक पाद्री झाला, एकजण ट्रॅक्टरची एजन्सी बुडवून ॲरिझोनाला पळाला. पण नावाआधी डॉक्टर लावणारं कुणी झालं नव्हतं. दुसरा फायदा मेहुण्याशी संबंधित होता. मेहुण्याचा मुलगा गुरांचा डॉक्टर होणार होता आणि थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता मेहुण्याने ही बातमी चार वेळा वाढली होती, टर्की एकदाच. गाईच्या डॉक्टरपेक्षा माणसाचा डॉक्टर वरचा, मग तो नुसता दातांचा का असेना, असं लेलंडचं मत होतं. तिसरा फायदा तो कुणाजवळ बोलला नव्हता. आयुष्यभर दात फुकट बघून मिळतील. लेलंड अकरा वर्षांत दंतवैद्याची पायरी चढला नव्हता, तो बहुधा याच दिवसाची वाट बघत होता.

या तीन फायद्यांच्या आड शंभर तास उभे होते. दातांच्या कॉलेजात अर्ज करायचा तर आधी एखाद्या दंतवैद्याच्या मागे सावलीसारखं उभं राहून शंभर तास नुसतं बघायचं, अशी तिकडची रीत. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, मध्ये यायचं नाही. बघितलेल्या प्रत्येक तासापुढे डॉक्टरची सही घ्यायची. लेलंडला ही अट फारच आवडली. कामाला हात न लावता शंभर तास उभं राहणं हे त्याच्या मते कुठल्याही नोकरीचं उत्तम शिक्षण होतं.

अर्ज जूनच्या सुरुवातीला उघडणार होते, आणि उशिरा अर्ज करणाऱ्याला उरल्यासुरल्या जागा. म्हणजे हातात पाच महिने. जोसी मुळात नेटकी मुलगी. तिने वॅप्सी फॉल्समधल्या आणि आजूबाजूच्या तीन तालुक्यांतल्या चौदा दवाखान्यांची यादी केली, क्षयाची चाचणी करून घेतली, काविळीची लस टोचून घेतली, रुग्णांची माहिती बाहेर बोलणार नाही असं लिहून द्यायचे कागद भरले आणि फोन करायला बसली.

"नमस्कार, मी जोसी. तुमच्याकडे डॉक्टरांचं काम बघायला यायचं होतं."

"अगं, ये की! आमच्या डॉक्टरांना मुलांना शिकवायची भारी हौस. पूर्ण नाव सांग."

"जोसी व्हॉन्ड्रासेक."

मग कागद चाळल्याचा आवाज, जो कागद न चाळताही काढता येतो. मग, "अगं, आमची खोलीच लहान आहे."

एका दवाखान्यात खोली लहान होती, दुसऱ्यात डॉक्टर लाजाळू होते, तिसऱ्यात छताचं काम निघालं होतं. तेरा दवाखान्यांची छतं, खोल्या आणि डॉक्टर एकाच आठवड्यात बिघडले.

"नाव ऐकलं की थांबतात, डॅड," जोसी म्हणाली. "आपल्या नावात काय आहे?"

"चांगलं जुनं चेक, बोहेमियाकडचं नाव आहे," लेलंड म्हणाला. "लोकांना उच्चारायला अवघड जात असेल."

लोकांना उच्चारायला मुळीच अवघड जात नव्हतं. तीन तालुक्यांत ते नाव रोज उच्चारलं जात होतं, बहुतेक वेळा दात ओठ खाऊन.

लेलंड दातांच्या विम्याच्या कंपनीत क्लेम तपासायला होता, तेवीस वर्षं. कंपनीचा सल्लागार दंतवैद्य कुठेतरी दूर बसून एक्स-रेवर फुली मारी, आणि त्या फुलीचं सभ्य पत्रात रूपांतर करणं हे लेलंडचं काम. बाकीचे तपासनीस पत्राखाली टेबलाचा नंबर टाकत. लेलंडला ते भेकडपणाचं वाटे. माणसाला नाही म्हणायचं तर स्वतःच्या नावाने म्हणावं, या बाण्याने तो प्रत्येक नकारपत्राखाली पूर्ण नाव लिहून निळ्या शाईने सही करी. आणि मजकूरही त्याचाच: 'सदर दाढ चावण्यास पुरेशी आहे. आपल्या सुहास्यास शुभेच्छा.' ही दोन वाक्यं कंपनीला इतकी पसंत पडली की ती नियमपुस्तकात नमुना म्हणून छापली गेली. त्या वर्षी लेलंडला एक भिंतीवरचं घड्याळही मिळालं.

नाव आणि दवाखाने यांच्यातलं हे नातं त्याच्या डोक्यात शिरलं ते शेजारच्या ग्लेन टिमरमनमुळे. ग्लेन बियाणं विकून निवृत्त झालेला माणूस. आता बियाणं नसल्यामुळे सल्ले पेरत असे.

"लेलंड, अरे, जरा स्वयंपाकघरात ये," ग्लेन म्हणाला आणि त्याने फ्रिजकडे बोट केलं. फ्रिजवर, नातवाच्या चित्राशेजारी, मक्याच्या कणसाच्या चुंबकाखाली लेलंडचंच पत्र अडकवलेलं होतं.

"हे इतकी वर्षं इथे आहे?" लेलंडने विचारलं.

"पाच. भूक लागली की वाचतो. मग डाव्या बाजूने खातो."

"ग्लेन, ते वैयक्तिक नव्हतं रे."

"सही तर वैयक्तिक दिसतेय. झोकदार आहे. आता माझं ऐक. पोरीला म्हणावं, आईचं माहेरचं नाव लाव."

हा सल्ला ऐकून लेलंडचा अभिमान दुखावला. बायकोचं, म्हणजे कॉनीचं, माहेरचं नाव म्हणजे मेहुण्याचं नाव. त्या नावाने डॉक्टर झाली तर हिशेबातला दुसरा फायदा शत्रूच्या गोटात जमा होणार.

चौदावा दवाखाना डॉक्टर मर्ना हॅगन यांचा. वय चौसष्ट, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, आणि खोली लहान असल्याचं सांगण्याइतका भिडस्तपणा अंगात नाही. त्यांनी लेलंडलाच बोलावून घेतलं.

"तर तुम्ही ते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं उंच असाल."

"डॉक्टर, माझ्या कामाशी मुलीचा काही संबंध नाही."

"नाहीच मुळी. मुलगी मला आवडली. उद्यापासून येऊ दे. पण मिस्टर व्हॉन्ड्रासेक, खुर्चीतल्या माणसाने कागदावर सही केल्याशिवाय परक्या माणसाला खोलीत उभं करता येत नाही. तेवढं मात्र माझ्या हातात नाही."

लेलंड शीळ घालत घरी आला. पहिल्या आठवड्यात जोसीने नऊ रुग्णांपुढे कागद धरला. नऊही जणांनी तिचं नाव वाचलं, तिच्याकडे कणवेने बघितलं आणि कागद परत दिला. एक बाई तर म्हणाली, "बाळ, तुझा राग नाही गं. पण तो माणूस तुझ्या डोळ्यांतून माझ्या तोंडात बघतोय असं वाटेल." आठवड्याच्या शेवटी तासांच्या वहीत भोपळा होता.

डॉक्टर हॅगननी फोन केला. "माझ्याकडे तिला उभं राहायला जागा आहे, बघायला तोंड नाही. तोंड तुम्ही पाठवा."

"कुणाचं?"

"जो सही नाकारू शकत नाही अशा कुणाचं तरी."

लेलंडने कॉनीकडे बघितलं. कॉनी दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेणारी बाई. तिच्या तोंडात बघण्यासारखं काही नव्हतं. "माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "गेल्या मार्चपासून तू पॉपकॉर्न खात नाहीस."

"मला ते आवडेनासे झाले."

"सफरचंदही?"

"सफरचंदाची चव राहिली नाही पूर्वीसारखी."

"आणि टोस्ट कॉफीत बुडवून खातोस, तो काय टोस्टच्या भल्यासाठी?"

गुरुवारी सकाळी लेलंड खुर्चीत आडवा झाला. कोपऱ्यात पांढरा अंगरखा घालून जोसी उभी, हातात वही. बापाला मुलीच्या देखत आ वासून पडावं लागणं यात एक प्रकारचा अपमान आहे, तो उभ्याने बोलणाऱ्या माणसाला कळायचा नाही.

"दातांमधून दोरा फिरवता?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज."

कोपऱ्यात जोसी खोकली. वहीत तिने काय लिहिलं ते लेलंडला आरशात दिसलं: 'रुग्ण पुरुष, वय ५७. दोऱ्याबद्दल खोटं बोलतो.'

मग डॉक्टर हॅगन आरसा घेऊन एकेक दात ठोकत गेल्या. मधूनच "अरे वा" म्हणत, पण ते 'अरे वा' गाडीच्या मेकॅनिकचं असतं त्या जातीचं. शेवटी त्यांनी यादी वाचली. चार दात भरायचे, एक अक्कलदाढ काढायची, हिरड्यांची खोल सफाई चार बैठकांत. आणि खालची उजवी, तिसाव्या नंबरची दाढ मधोमध तडकलेली. तिला रूट कॅनाल आणि वर कॅप.

"कॅप लागेलच का?" लेलंडने सवयीने विचारलं. "नुसती भरून..."

"मिस्टर व्हॉन्ड्रासेक," डॉक्टर हॅगन यंत्र खाली ठेवत म्हणाल्या, "तेवीस वर्षं मी या वाक्याची वाट बघतेय. तोंड उघडा."

फेब्रुवारीभर लेलंड दर गुरुवारी आडवा होत राहिला. सूज आली, ताप आला, ऑफिसात फोनवर बोलताना निम्मा ओठ कामावर हजर नसे. तो सभ्यपणे नकार देऊ लागला की पलीकडचा माणूस त्याला बाटली कमी करायचा सल्ला देई. आणि इतका देह झिजवून वहीत पडले किती, तर साडेअकरा तास. तोंड संपलं. माणसाच्या तोंडाला शेवटी मर्यादा असते. साडेअठ्ठ्याऐंशी तास अजून बाकी होते आणि मार्च लागला होता.

"उरलेले मी कुठून आणू?" लेलंड कॉनीला म्हणाला. "आणखी तीन दाढा फोडू?"

"डॅड, राहू दे," जोसी जिन्यावरून म्हणाली. "पुढच्या वर्षी अर्ज करीन." तिने ते अशा हलक्या आवाजात म्हटलं की लेलंडला रात्रभर दुखलं, आणि ते दाढेचं नव्हतं.

इथे ग्लेन टिमरमनने मदत केली, म्हणजे गप्प बसायला सांगितलेली गोष्ट चर्चच्या तळघरातल्या माशांच्या जेवणावळीत शंभर माणसांसमोर सांगितली. 'पुरेशी दाढ'वाल्या व्हॉन्ड्रासेकची दाढ तडकली. आता वॅप्सी फॉल्समध्ये रीत अशी की कुणी आजारी पडलं की दाराशी कॅसरोल ठेवायचं, नूडल्स, मटार, मलईची ग्रेव्ही, वर चीज, भट्टीत भाजलेलं काचेचं भांडं. भांडं परत मिळावं म्हणून बुडाला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहायचं. मयत असो, बाळंतपण असो, गुडघा बदललेला असो, रीत चुकत नाही. शनिवारी सकाळी लेलंडने दार उघडलं तर पायरीवर सहा भांडी. सोमवारपर्यंत एकोणीस.

"बघ," लेलंड सद्गदित होऊन, सुजलेल्या तोंडाने म्हणाला. "लोक मनाने चांगले असतात, कॉनी."

कॉनीने एक भांडं उलटं केलं. पट्टीवर लिहिलं होतं: आर्डिथ बोल. आणि नावाखाली बारा आकड्यांचा क्लेम नंबर.

दुसरं उलटं केलं. नाव आणि क्लेम नंबर. तिसऱ्यावर शिवाय 'वरची डावी' असंही लिहिलं होतं. एकाने तारीख घातली होती. सगळं जेवण इतकं मऊ होतं की चावायला दाढ लागूच नये. त्या मऊपणात लोकांनी किती विचार ओतला होता हे लेलंडला हळूहळू कळत गेलं.

"फेकून देतो मी हे!"

"जेवण फेकशील," कॉनी म्हणाली, "पण भांडी? एकोणीस घरांची भांडी ठेवून घेतली तर मला या गावात तोंड दाखवता येणार नाही. धुवून, स्वतः नेऊन द्यायची. तीच रीत आहे. आणि माझ्याकडे बघू नकोस, दुखणं तुझं होतं."

तेवीस वर्षांत लेलंडने कुणाला नकार देताना खुर्चीवरून उठायची गरज पडली नव्हती. आता तो धुतलेली भांडी गाडीत खडखडवत दारोदार निघाला. पहिलंच घर आर्डिथ बोलबाईंचं. वय शहात्तर, केस नुकते सेट केलेले.

"आभारी आहे," लेलंड म्हणाला. "फार छान झालं होतं."

"मीठ बरोबर होतं?"

"अगदी पुरेसं." शब्द तोंडातून निसटल्यावर त्याने जीभ चावली, तीसुद्धा सुजलेल्या बाजूने.

आर्डिथबाईंनी भांडं घेतलं नाही. त्यांनी दारातच, मार्चच्या वाऱ्यात, तोंड उघडलं आणि बोटाने गाल ओढून धरला. "ही बघा," त्या जमेल तसं बोलल्या. "पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांनी बघितली. तुम्हीच राहिला होता."

लेलंड दोन्ही हातांत भांडं घेऊन वाकला. तिथे दाढ नव्हती. दाढेची जागा होती. तेवीस वर्षं तो कागदावरच्या नंबरांशी बोलत आला होता. नंबराला हिरडी असते हे त्याने पहिल्यांदा बघितलं. 'शुभेच्छा' म्हणण्याचा मोह त्याने मोठ्या कष्टाने आवरला.

"दिसतंय," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे, दिसत नाहीये."

"एवढंच हवं होतं," आर्डिथबाई म्हणाल्या आणि भांडं घेतलं. "गुरुवारी माझी सफाई आहे. तुमच्या मुलीला सांगा, कागद घेऊन ये म्हणावं. करीन सही."

एकोणीस दारं, एकोणीस उघडी तोंडं. कुणी टॉर्च आणून दिला. एका शेतकऱ्याने आधी लेलंडला पायरीवर बसवलं आणि मग त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर तोंड आणलं, घोडा विकायला काढल्यासारखं. एका घरात नवरा-बायको दोघं रांगेत उभे होते. आणि प्रत्येक दारातून निघताना एक सही कबूल होत होती. सगळं प्रेमापोटी होतं असं मात्र समजू नये. गुरुवारी लेलंडच्या हिरड्यांची सुई टोचून फेरतपासणी असे, आणि तो अर्धा बधीर चेहरा घेऊन, हनुवटीवर ओघळ पुसत बाहेर येई, तेव्हा बाकावर बसलेल्या मंडळींना काहीतरी मिळाल्यासारखं वाटे. डॉक्टर हॅगनच्या दवाखान्यात गुरुवारची वेळ मिळणं मुश्कील झालं. बाकीच्या तेरा दवाखान्यांतून फोन आले, छतं दुरुस्त झाली म्हणून.

मे संपता संपता शंभरावा तास भरला. तो ग्लेन टिमरमनच्या तोंडात भरला, हे लेलंडला कायम सलत राहिलं. डॉक्टर हॅगननी वहीच्या शेवटच्या पानावर सही केली आणि कॉलेजला लिहायच्या शिफारसपत्रात एक ओळ घातली: 'ही मुलगी बघते आणि जे दिसलं तेच लिहिते. तिच्या घराण्याचा विचार करता हे विशेष आहे.'

अर्ज वेळेत गेला.

आता राहता राहिली तिसाव्या नंबरची दाढ. तिचा क्लेम लेलंडने ताठ मानेने स्वतःच्या कंपनीत टाकला होता. कर्मचाऱ्याचा क्लेम त्याने स्वतः तपासायचा नाही असा नियम. म्हणून क्लेम शेजारच्या टेबलावर ड्वेनकडे गेला. ड्वेनला लेलंडनेच घडवलेलं. 'शंका आली तर नाही म्हण, आणि नाही म्हणताना नम्र राहा,' हा मंत्र त्याला पहिल्या दिवशी दिलेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ड्वेन शेजारीच बसलेला असताना लेलंडला टपालाने पत्र आलं.

'सदर दाढ चावण्यास पुरेशी आहे. आपल्या सुहास्यास शुभेच्छा.'

"ड्वेन," लेलंडने खुर्ची वळवली. "ती दाढ मधोमध तडकली होती."

"एक्स-रेवर फुली होती, लेलंड. मी काय करणार? पण सही केली हं मी. नंबर नाही टाकला. तूच म्हणायचास ना, नावाने नाही म्हणावं."

लेलंडने अपील केलं. तेवीस वर्षांत त्याने अपिलं फेटाळली होती, लिहिलं नव्हतं एकही. लिहिताना कळलं की यात जीव ओतावा लागतो. पुरावा म्हणून त्याने जोसीच्या वहीची पानं जोडली. तिने सगळं टिपलं होतं: रुग्ण मार्चपासून डाव्या बाजूने चावतो, पॉपकॉर्न आवडत नाहीत म्हणतो, पण दुसऱ्याच्या वाटीकडे बघतो, दाढेवर आरसा टेकवला की उजवा पाय उडतो. 'सतत कुरकुर करतो' हे पान त्याने वगळायला बघितलं, पण जोसी म्हणाली, "डॅड, पुरावा अर्धा देत नाहीत." तेव्हा तेही लावलं.

उत्तर ऑगस्टमध्ये आलं. 'परवाना नसलेल्या व्यक्तीने केवळ उभं राहून केलेलं निरीक्षण अपिलात ग्राह्य धरता येत नाही. नियम सतरा.'

लेलंडने पत्र दोनदा वाचलं. नियम सतरा त्याने स्वतः लिहिला होता, घड्याळ मिळालं त्याच वर्षी. त्याने वाक्य इकडून तिकडून तपासलं, कुठे फट आहे का बघितलं. कुठेही नव्हती. मनस्ताप होत होता, पैसे जात होते, पण आतून कुठेतरी तो म्हणत होता, चोख काम आहे.

दुसऱ्या दिवशी पायरीवर एक कॅसरोल होतं. बुडाच्या पट्टीवर ड्वेनच्या बायकोचं नाव, खाली लेलंडचाच क्लेम नंबर. भांडं धुवून परत न्यावं लागलं. ड्वेनच्या दारात लेलंडने न बोलता तोंड उघडलं, गाल ओढून धरला आणि ड्वेन टॉर्च शोधून आणेपर्यंत तसाच उभा राहिला.

डिसेंबरात जोसीला प्रवेश मिळाला. थँक्सगिव्हिंग होऊन गेल्यामुळे मेहुण्याला ते पुढच्या वर्षीच सांगता येणार होतं, म्हणजे दुसरा फायदा अकरा महिने लांबला. तिसऱ्याबद्दल विचारलं तेव्हा जोसी म्हणाली, "घरच्या माणसांवर उपचार करू नयेत असं आम्हाला शिकवणार आहेत. आणि डॅड, तुझं तोंड मी पुरेसं बघितलंय."

तर शेवटचा ताळा असा. आर्डिथबाईंची दाढ गेली, वर एक कॅसरोल गेलं. डॉक्टर हॅगनचे गुरुवार गेले, पण त्यांचं म्हणणं, वसूल झाले. लेलंडची अक्कलदाढ गेली, रूट कॅनाल आणि कॅपचं पूर्ण बिल त्याच्या खिशातून गेलं, आणि वीस दारांत मान खाली गेली. जोसीने शंभर तास दिले, तिला डॉक्टरकी मिळाली. कंपनीचं गेलं ते एक टपाल तिकीट, दोनदा. पत्रातला मजकूरसुद्धा लेलंडचाच होता.